प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळते तेव्हा

(सांगली-मिरज भागातल्या पेशंटची आणि घरच्यांची पत्रं, उत्तरं युरॉलॉजी वॉर्डातल्या सिस्टरकडून.)

सिस्टर, तासगावजवळ माझी द्राक्षबाग आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गेल्या आठवड्यात लघवीची नळी काढली. रात्री कोरडा असतो, पण दिवसा उठलो, खोकलो की गळतं. ऑपरेशन बिघडलं का? आणि पाठीवर फवारणीचा पंप कधी घेऊ?

बिघडलेलं नाही, काका. लघवी अडवायला दोन स्नायू असतात, एक मूत्राशयाच्या तोंडाशी, दुसरा त्याच्या खाली. प्रोस्टेट काढताना वरच्याचं काम बरंचसं जातं आणि सगळा भार खालच्यावर येतो. आडवं पडल्यावर दाब कमी असतो, म्हणून रात्र कोरडी जाते. ही चांगली खूण आहे. बहुतेकांची गळती तीन ते सहा महिन्यांत बरीच कमी होते, काहींना वर्ष लागतं.

पंपाचं मात्र ऐका. सहा आठवडे साधारण 5 किलोच्या वर काही उचलू नका. 16 लिटरचा भरलेला पंप त्याच्या तिपटीहून जास्त होतो. नंतरही सर्जनना विचारूनच. लघवी तुंबली, थंडीताप आला किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमचे हे दिवसभरात जेमतेम दोन ग्लास पाणी पितात. वास येईल म्हणून लग्नकार्याला येत नाहीत, झोपतातही वेगळे. मी काय करू?

ताई, आधी पाणी वाढवा. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते, घाई वाढते आणि वासही वाढतो, म्हणजे ज्याची भीती तेच होतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवंच. संध्याकाळनंतर थोडं कमी चालेल. चहा मात्र कमी करा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याचा जोर त्याच स्नायूंवर येतो.

ओला पॅड लगेच बदला, जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा, लाली आली तर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. पावडर नको, तिचे गोळे होऊन कातडी सोलते.

आणि त्यांना माझा निरोप सांगा: तुमचा कॅन्सर काढलाय. गळती हा त्या उपचाराचा परिणाम आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुढच्या तपासणीला तुम्ही दोघं मिळून या. पुरुष एकटे आले की ‘बरं आहे’ म्हणून निघून जातात, आणि मला खरी गोष्ट कळतच नाही.

गळती थांबवायला खालचे स्नायू आवळायचा व्यायाम दोन महिने करतोय, फरक नाही. (इस्लामपूर)

बहुधा चुकीचा स्नायू आवळताय. माझ्याकडे येणारे कितीतरी जण पोट आत ओढतात किंवा कुल्ले घट्ट करतात. वात अडवताना जसं आत खेचता तसं खेचा. आरशासमोर उभं राहून पाहा: लिंग किंचित आत जायला हवं, गोट्या वर उचलल्या जायला हव्यात. पोट हललं तर चुकलं. श्वास चालू ठेवून पाच सेकंद आवळा, तेवढंच सैल सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत न्या. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं, नाहीतर स्नायू थकून संध्याकाळी जास्त गळतं. खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी आवळायची सवय लावा. लघवी करता करता धार तोडण्याचा व्यायाम रोज करू नका. तरीही जमेना तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या.

जतहून सांगलीला एसटीने तपासणीला यायचं, पॅड कुठे बदलू? पुरुषांच्या शौचालयात टाकायला डबाही नसतो.

खरं आहे, आणि तो असायलाच हवा. तोवर पिशवीत दोन पॅड, जुना पेपर, कॅरीबॅग आणि गडद रंगाची जादा पँट ठेवा. लांबच्या प्रवासापुरता कंडोम कॅथेटर (लिंगावर कंडोमसारखं चढवायचं, नळी जोडलेलं आवरण) आणि पायाला बांधायची लघवीची पिशवी चालते. मापाचा घ्या, लावायला वॉर्डात शिकवू.

दीड वर्ष झालं, अजून दिवसाला चार पॅड लागतात. (विटा)

आता नुसती वाट पाहू नका. युरॉलॉजिस्टना भेटा, अशा वेळी स्लिंग (मूत्रनळीला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम स्फिंक्टर (लघवी अडवणाऱ्या स्नायूचं काम करणारं उपकरण) बसवण्याचं ऑपरेशन करता येतं. जाताना तीन दिवसांची वही न्या: किती प्यायलात, कधी गेलात, किती पॅड भिजले. सोबत पीएसएचे (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचे) जुने रिपोर्टही असू द्या.