काका, न्यू जर्सीला येण्याआधी एएआरपीचं सभासद व्हावं का?

काका, तुम्ही लिहिलंत की मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, तुमची आणि काकूंची ग्रीन कार्डं आता येतीलच, वय 67 आणि 65. पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीवर आहात. तर तिकडची एएआरपी, ही अमेरिकेतली ज्येष्ठांची मोठी संघटना, आपल्या संघासारखीच का, सभासद झाल्यावर नेमकं काय मिळतं, आणि म्हातारपणी तिथे पाठीशी कोण उभं राहतं, हा तुमचा प्रश्न. तुमच्या मुलीने विचारलं असतं तर दोन ओळींत उत्तर देऊन मी मोकळी झाले असते. तुम्ही स्वतः विचारलंत म्हणून बसून लिहितेय. यातलं निम्मं आम्ही मुलं फोनवर सांगत नाही. तुम्ही यावं असं आम्हाला वाटत असतं ना.

फॉर्म कुठले, फी किती, मेडिकल कुठे, हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे. ते सोडून देते.

आधी सरळ उत्तर. एएआरपी तुमच्या संघासारखी नाही. संघाला एक जागा असते, संध्याकाळी पाचला तिथे माणसं जमतात, वाढदिवस होतात, सहल निघते, आणि एखादा चार दिवस दिसला नाही तर कुणीतरी घरी डोकावतं. एएआरपीला असा कट्टाच नाही. ती आहे तुमच्या फेस्कॉमच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ संघांच्या महासंघाच्या जातीची, सरकारदरबारी ज्येष्ठांचं म्हणणं रेटणारी, फक्त सभासद कोट्यवधी आणि पैसा प्रचंड. एथेल पर्सी अँड्रस या लॉस एंजेलिसच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने 1947 मध्ये निवृत्त शिक्षकांची संघटना काढली. पेन्शन तुटपुंजी, आणि पासष्टीनंतर आरोग्य विमा द्यायला कुणी तयार नाही, ही तेव्हाची रड होती. 1958 मध्ये तिनेच शिक्षकांच्या पलीकडे सगळ्यांसाठी एएआरपी उभी केली. मेडिकेअरचा, म्हणजे पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कायदा 1965 चा. म्हणजे विमा हा या संघटनेच्या जन्मापासूनचा धागा आहे, आणि आपल्या लोकांची गल्लत होते ती नेमकी तिथेच.

सभासद होणं अगदी सोपं. वर्गणी वर्षाला 20 डॉलरच्या आसपास, नवरा-बायकोपैकी दुसऱ्याचं सभासदत्व फुकट, नागरिकत्वाची अट नाही, वयाचा दाखला कुणी मागत नाही. कार्ड येतं, मासिक येतं, हॉटेल-चष्म्यांवर थोडी सवलत मिळते. पण त्या कार्डावर डॉक्टर तपासणार नाही. ‘एएआरपीचा विमा’ म्हणून जे पत्र घरी येतं, तो विमा युनायटेड हेल्थकेअर कंपनीचा असतो, आणि नाव वापरण्याबद्दल कंपनी एएआरपीला पैसे देते. संघटनेला वर्गणीपेक्षा जास्त पैसा या नाव-वापराच्या करारांतून येतो. यात लबाडी नाही, सगळं उघड आहे. पण सल्ला देणारा आणि विकणारा एकाच दारातून बाहेर पडतात, एवढं ध्यानात ठेवा. शिवाय त्यातला मेडिगॅप हा प्रकार मेडिकेअरने न दिलेला खर्च भरून काढण्यासाठी असतो. मेडिकेअरच नसेल तर मेडिगॅपही नाही.

आणि मेडिकेअर तुम्हाला लगेच मिळत नाही. इथे कामाची दहा वर्षं भरलेली नसतील, तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावरच ती विकत घेता येते. तुमच्यासाठी ते साल येईल तेव्हा तुम्ही 72 चे असाल, काकू सत्तरीच्या. खर्चाचा अंदाज यावा म्हणून 2025 चे दर सांगते: भाग बी (डॉक्टरांचा खर्च) महिन्याला 185 डॉलर, भाग ए (रुग्णालयाचा खर्च) 518 डॉलर, हे माणशी. पाच वर्षं पूर्ण होण्याच्या महिन्याआधी तीन महिने, तो महिना आणि पुढचे तीन, अशी सात महिन्यांची खिडकी असते. ती चुकली की जानेवारी ते मार्चची वाट पाहायची, आणि उशीर झालेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे भाग बीच्या हप्त्यावर 10 टक्के दंड, बहुतेकांना आयुष्यभर. औषधांच्या भाग डीचा दंड वेगळा. भाग बी सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅप कंपनी तुमच्या मधुमेहावरून नकार देऊ शकत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत देऊ शकते. या तारखा आजच मुलीच्या आणि तुमच्या, दोघांच्याही कॅलेंडरात टाका. मध्ये पुण्याला येऊन आठ-आठ महिने राहिलात तर ‘सलग’ या शब्दावर प्रश्न उभा राहतो. जाण्यायेण्याच्या तारखा, विमानाची तिकिटं जपून ठेवा.

मधल्या पाच वर्षांचं काय? ग्रीन कार्डावर उतरल्यापासून 60 दिवसांच्या आत सरकारी बाजारपेठेतून, म्हणजे मार्केटप्लेसवरून, विमा घेता येतो. त्यात जुन्या आजारावरून नाकारता येत नाही. साठ दिवस उलटले की पुढची नोंदणी हिवाळ्यात. घरात सामान लावण्यात, जेटलॅगमध्ये आणि नातवाच्या कौतुकात हे दोन महिने कसे जातात कळत नाही. पुण्याहून घेतलेला प्रवासी विमा याची जागा घेत नाही. त्यात जुने आजार बहुधा वगळलेलेच असतात.

आता एएआरपीच्या खऱ्या कामाकडे येते, कारण तुम्ही संघटनेतले आहात, तुम्हाला त्यात रस वाटेल. राजधानीत त्यांचे पगारी लोक आहेत, प्रत्येक राज्यात कार्यालय आहे, आणि विधेयकाच्या सुनावणीला लाल टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक सभागृहात रांगेने बसलेले दिसतात. ते कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देत नाहीत, प्रश्न घेऊन भांडतात. 2022 च्या कायद्याने मेडिकेअरवाल्यांना इन्सुलिन महिन्याला 35 डॉलरच्या वर पडणार नाही असं ठरलं, भाग डीच्या औषधांवर खिशातून होणाऱ्या खर्चाला वार्षिक मर्यादा आली, 2025 साठी ती 2,000 डॉलर होती, आणि औषधांच्या किमतींवर कंपन्यांशी घासाघीस करायचा अधिकार मेडिकेअरला मिळाला. त्यामागे या संघटनेचा मोठा रेटा होता. नेतृत्व सभासदांच्या पुढे पळालं की काय होतं, तेही इथे पाहायला मिळतं. 1988 मध्ये मोठ्या आजारांच्या खर्चाचा एक कायदा एएआरपीच्या पाठिंब्याने झाला, पण त्याचा भार सधन म्हाताऱ्यांवरच टाकला होता. ते इतके खवळले की संसदेला पुढच्याच वर्षी तो कायदा मागे घ्यावा लागला. 2003 च्या औषध योजनेला पाठिंबा दिला तेव्हाही हजारोंनी राजीनामे दिले.

मला टोचतं ते वेगळंच. हे सगळे विजय मेडिकेअर असणाऱ्यांचे आहेत. पहिली पाच वर्षं तुम्ही त्या रांगेतच नसता. वय 67, म्हणून मासिकाच्या मुखपृष्ठावर तुमच्याच वयाची हसरी जोडपी, आणि आतलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. या फटीत पडलेल्या आईवडिलांबद्दल मोठ्या संघटना फार बोलत नाहीत. बोलायचं कुणी, तर आम्ही मुलांनी. आम्ही नोकरीत, मुलांच्या शाळेत आणि घराच्या हप्त्यांत असतो.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून लागू होते, आणि ती एएआरपीनेच राज्याराज्यांत लावून धरली. ओक्लाहोमाने 2014 मध्ये पहिल्यांदा केला, न्यू जर्सीनेही लगेच केला, असा हा काळजीवाहू नातेवाइकांचा कायदा. रुग्णालयात दाखल होताना तुमची देखभाल घरी कोण करणार त्याचं नाव नोंदवून घ्यायला लावा. मग घरी सोडण्याआधी रुग्णालयाने त्या माणसाला कळवायचं असतं आणि ड्रेसिंग, इंजेक्शन, औषधांच्या वेळा दाखवून द्यायच्या असतात. नोंद नसेल तर संध्याकाळी सहाला ‘घेऊन जा’ असा फोन येतो आणि हातात इंग्रजी कागदांचा गठ्ठा पडतो. दुभाषा फुकट मिळतो, बहुधा फोनवर. काकूंना इंग्रजी जड जात असेल तर नर्सला स्पष्ट ‘मराठी’ म्हणा. नुसतं ‘इंडियन’ म्हटलं तर हिंदी येते. जावयाला दुभाषा करू नका, बायकांचे आजार अर्धेच सांगितले जातात.

सभासद नसतानाही एएआरपीच्या दोन सोयी वापरता येतात. पहिली, फसवणुकीसाठीची फोन मदत. ‘तुमचा सोशल सिक्युरिटी क्रमांक रद्द होतोय’, ‘इमिग्रेशनमधून बोलतोय’ असे फोन नव्या ज्येष्ठांना हमखास येतात. सरकार गिफ्ट कार्डात पैसे मागत नाही, कधीच. फोन ठेवून द्या. दुसरी, टॅक्स-एड. फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ग्रंथालयांतून प्रशिक्षित स्वयंसेवक फुकट कर विवरण भरून देतात, 1968 पासून. पण ग्रीन कार्ड झालं की तुमचं जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. पुण्यातलं भाडं, म्युच्युअल फंड, मुदत ठेवी निघाल्या की ते स्वयंसेवक बहुधा हात जोडतात, कारण ते त्यांच्या कक्षेबाहेरचं असतं. परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर रक्कम गेली तर वेगळा अहवाल लागतो. त्यासाठी भारत समजणारा सीपीए, म्हणजे इथला सीए, पैसे देऊन धरा. इथे काटकसर नको.

कागदांचा विषय निघालाच आहे तर नावाबद्दल सांगते, कारण यावर मला अजून शांतपणे बोलता येत नाही. आपल्याकडे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, मग आडनाव. एका कार्यालयात ते मधलं नाव होतं, दुसऱ्यात पहिल्या नावाला चिकटतं, तिसऱ्यात गळतं. मग विमा कार्डावर एक, सोशल सिक्युरिटीवर दुसरं, फार्मसीत तिसरं, आणि संगणक म्हणतो अशी व्यक्तीच नाही. निघण्याआधी काकूंचा पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि पॅन यांवर नावाचं स्पेलिंग एकच करून आणा. जन्माची नोंद नसेल तर महापालिकेचा अनुपलब्धता दाखला आणि दोन जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं पुण्यातच करून घ्या. इथून ते करायला महिने जातात.

रोजच्या जगण्याला एएआरपी नाही, कौंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, ज्येष्ठांसाठीचं कार्यालय उपयोगी पडतं. 1965 च्या ओल्डर अमेरिकन्स कायद्याच्या पैशातून साठीच्या पुढच्या कुणालाही केंद्रात दुपारचं जेवण मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, ऐच्छिक देणगीचा डबा असतो. शाकाहारी मिळतं का ते आधी विचारा. कौंटीच्या बसची जागा आधी फोन करून ठेवावी लागते. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूला गरबा, कॅरम, गरम जेवण असलेली दिवसभराची देखभाल केंद्रं दिसतील. त्यांतल्या बहुतेकांचा खर्च मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, उचलतं, आणि तेही पहिली पाच वर्षं साधारणपणे मिळत नाही. ‘चला, सगळे जातात’ असं शेजारी म्हणतील, पण सही करण्याआधी बिल कुणाच्या नावे निघणार ते विचारा.

तुमच्या संघाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ‘व्हिलेज’. बॉस्टनच्या बीकन हिल भागातल्या म्हाताऱ्यांनी वृद्धाश्रमात जायचं नाही म्हणून वर्गणी काढून आपसांत सुरू केली, 2002 पासून चालू आहे, आणि तिच्यावरून देशभर पुष्कळ निघाल्या. वर्षाला काही शे डॉलर भरायचे. डॉक्टरकडे न्यायला गाडी, उंचावरचा दिवा बदलणं, खात्रीचा प्लंबर, चहापाण्याच्या बैठका मिळतात. आंघोळ घालणं, औषध देणं ते करत नाहीत. ऐनवेळी गाडी मागितली तर मिळत नाही, कारण चालवणारा स्वयंसेवक स्वतःच सत्तरीचा असतो. जवळ व्हिलेज असेल तर तुमच्यासारख्या कार्यकर्त्याने नुसती वर्गणी भरू नये, त्यांच्या समितीत शिरावं. मराठीसाठी न्यू जर्सीचं मराठी विश्व मंडळ आहे, आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचा निवृत्तांसाठीचा उत्तररंग हा उपक्रम. पण तिथे पोचायलाही गाडी लागते. त्यामुळे बाकी काही नाही तरी लायसन्सची परीक्षा द्या.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतो. आम्ही सकाळी आठला जातो आणि सहाला येतो, मधल्या वेळात रस्त्यावर माणूस दिसत नाही. याहून जास्त मी लिहिणार नाही.

नागरिकत्वाबद्दल एक गैरसमज तेवढा काढून टाका. ‘पासष्टीनंतर इंग्रजी माफ’ असं सांगणारे भेटतील. इंग्रजीची माफी वय 55 आणि ग्रीन कार्डावर 15 वर्षं, किंवा वय 50 आणि 20 वर्षं झाल्यावर आहे. तुम्हाला पाच वर्षांनी अर्ज करायचा तर परीक्षा इंग्रजीतच. तयारीचे फुकट वर्ग ग्रंथालयात चालतात.

उतरल्यावर पहिल्या आठवड्यात कौंटीच्या कार्यालयाला तुम्ही स्वतः फोन करा, मुलीला करायला लावू नका. कुठल्या गावात राहता, दोघांची वयं, गाडी येते की नाही हे सांगा आणि तीन गोष्टी मागा: जेवणाच्या केंद्राचा पत्ता, बसची नोंदणी, आणि मेडिकेअरचा फुकट सल्ला देणाऱ्या शिप योजनेतल्या समुपदेशकाचं नाव. तो समुपदेशक काही विकत नाही. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या सहा महिने आधी त्याच्याकडेच जा. एएआरपीची वर्गणी त्यानंतर भरलीत तरी चालेल.