वडील पिऊन आले की लहान बहिणीला मी जादूच्या राज्यात नेतो. हे थांबवायला हवं का?

तू लिहिलं आहेस की तू 17 वर्षांचा आणि बहीण 8 वर्षांची. वडील पिऊन आले की तुम्ही पलंगाखाली चादर लावून बसता आणि तिथून एका राज्यात जाता. आता ती शाळेतही त्या राज्याच्या गोष्टी सांगू लागली आहे. आपण तिला खोट्या जगात अडकवतोय का, असं तुला वाटतं. मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून ‘तू’च म्हणते.

राज्य मोडू नकोस. फक्त त्या राज्यात एखादा मंत्र आहे का, ते बघ. मंत्र म्हणजे काय, ते सांगते.

आमच्या घरी आई प्यायची. हे वाक्य लिहायला मला कितीतरी वर्षं लागली, कारण बाप पितो म्हटलं की लोक हळहळतात, आई पिते म्हटलं की गप्प होतात. मी 12 वर्षांची होते, भाऊ 6 वर्षांचा. बाबा कामासाठी बाहेरगावी असायचे. बाटलीचं टोपण फिरवल्याचा बारीकसा कर्रकन आवाज आम्ही दोन खोल्या पलीकडून ओळखायचो. तो आला की मी पांघरूण डोक्यावरून ओढायचे आणि आम्ही निळेरात जायचो. निळेर हे आमच्या राज्याचं नाव. तिथे जमीन कापसाची होती, म्हणजे कुणी पडलं तरी लागायचं नाही. हे असं का सुचलं ते मला फार उशिरा कळलं. आई पडायची ना.

निळेराने आम्हाला पळायला जागा दिली, तशी एक भाषाही दिली. “आज निळेरात धुकं आहे” असं मी शाळेच्या फाटकाशी म्हटलं, की भावाला कळायचं, आज मित्राला घरी आणायचं नाही. “पूर आलाय” म्हणजे थेट आपल्या खोलीत जायचं, आईशी बोलायचं नाही. घरातलं बाहेर सांगायचं नाही हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण अशा घरातल्या मुलांना ते आपोआप येतं. मग जे थेट बोलता येत नाही ते धुकं आणि पूर होऊन बाहेर येतं. तुझी बहीण शाळेत राज्याबद्दल बोलते, तेव्हा ती कदाचित घराबद्दलच सांगत असेल. तिला गप्प करू नकोस. तिच्या एखाद्या समजूतदार बाईंना तू स्वतः भेट आणि घरी काय चाललंय ते साध्या शब्दांत सांग.

आता मंत्राचं. मी 13 वर्षांची असताना एक नियम काढला: संध्याकाळ व्हायच्या आत खिडकीत सात खडे ओळीने मांडले, की निळेरच्या राणीचा शाप उतरतो. राणी कोण, हे आम्ही कधी बोललो नाही. पहिले तीन दिवस खडे मांडले आणि खरंच आई प्यायली नाही. चौथ्या दिवशी भाऊ दुपारी झोपला तो दिवेलागणीलाच उठला. त्या रात्री आई न्हाणीघरात पडली, कपाळ फुटलं. दोन दिवस भाऊ जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “ताई, मी खडे मांडले नाहीत म्हणून आई पडली.”

आणि मी काय म्हणाले? “उद्यापासून विसरू नकोस.”

ही माझी चूक आहे आणि तुला ती सांगण्यासाठीच मी एवढं लिहितेय. कापसाची जमीन त्याला विसावा देत होती. सात खड्यांनी मात्र आईच्या पिण्याचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवलं. लहान मुलांना तसंही वाटतंच की आपण असं वागलो म्हणून तसं घडलं. माझ्या नियमाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

काही आठवड्यांनी मी त्याला सांगितलं की खडे मी रस्त्यावरून उचलले होते, त्यांच्यात काही नाही, आणि आई आपल्यामुळे पीत नाही. मला वाटलं तो सुटेल. तो आणखी मोठ्याने रडला. आता आईसाठी करण्यासारखं त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं. ते रडणं मी थांबवलं नाही, एवढं एक मी बरोबर केलं. खडे आम्ही टाकले नाहीत. ते निळेरचे नागरिक झाले, त्यांना नावं मिळाली, आणि त्यांच्याकडे काहीच काम नव्हतं.

दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा मदतगट 1951 मध्ये सुरू झाला, आणि 1957 पासून त्यातच किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. तिथे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात: हे माझ्यामुळे झालेलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. बहिणीला या तिन्ही गोष्टी तिच्या भाषेत सांग. एकदा सांगून पुरत नाही.

राज्यं रचणारी मुलं वेडी होतात का? एकोणिसाव्या शतकातली इंग्लंडमधली ब्रॉन्टे भावंडं बघ. आई आणि दोन मोठ्या बहिणी गेल्यावर उरलेल्या चौघांनी, 1826 मध्ये वडिलांनी आणलेल्या 12 लाकडी शिपायांपासून अख्खी राज्यं उभी केली, त्यांची इवलीशी मासिकंही लिहिली. तिघी बहिणी पुढे मोठ्या लेखिका झाल्या. भाऊ ब्रॅनवेल मात्र दारू आणि अफूत बुडाला आणि 1848 मध्ये 31 व्या वर्षी गेला. त्याच घरात बहिणींनी त्याचं पिणं सोसलं. राज्याने त्यांना घडवलं, पण पिणाऱ्याला वाचवणं त्याच्या आवाक्यात नव्हतं.

काळजी कधी करायची? चादरीबाहेर यायला ती घाबरत असेल, हाक मारूनही भानावर येत नसेल, झोप-जेवण तुटलं असेल किंवा सगळा दोष स्वतःकडे घेत असेल, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला हवं.

काही गोष्टींना मात्र जादू चालत नाही. वडील बेशुद्धसारखे पडले तर त्यांना कुशीवर वळव, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. हलवूनही जागे होत नसतील किंवा श्वास मंद वाटला तर लगेच रुग्णवाहिका बोलाव. ते प्यायलेले असताना त्यांच्या गाडीत दोघांनीही बसायचं नाही. हात उगारला तर कुणाच्या घरी जायचं ते आधीच ठरवून ठेव, त्या माणसांशी बोलून ठेव. आणि रागाने बाटल्या ओतून देऊ नकोस, मीही ते केलंय. खूप वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रमही होतो, जीवही जाऊ शकतो. सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तुझ्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा अनेक दशकं अभ्यास झाला. खडतर घरांतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली उभी राहिली, आणि त्यांच्यात वारंवार दिसणारी एक गोष्ट म्हणजे आधार देणारं एखादं तरी माणूस. बहिणीसाठी ते तू आहेस. तुझ्यासाठी कोण आहे? मला एक मावशी होती, आणि तिला सांगायला मी चार वर्षं घालवली. तू इतका थांबू नकोस.

आज रात्री चादरीखाली गेलात की तिला विचार, “बाबा का पितात, तुला काय वाटतं?” मग तिला बोलू दे, मध्ये काही सुचवू नकोस. ती काय म्हणाली ते इथे लिहावंसं वाटलं तर लिही, मी वाचेन.