ई-बुकला ना कागद लागतो ना छपाई, मग ते स्वस्त का नसतं? पैसा जातो कुठे?

कागद वाचतो हे खरं, पण ई-बुकची किंमत कागदावर ठरत नाही, वाटणीवर ठरते. आणि त्या पंगतीत लेखकाचं पान शेवटी वाढतात.

माझं शेतीवरचं पुस्तक छापून आलेलं आहे. त्याचं ई-बुक काढायचं ठरल्यावर प्रकाशकांनी करारात छापील प्रतीचीच 10 टक्के रॉयल्टी लिहून आणली. मी म्हटलं, "साहेब, बाइंडिंग नाही, गोदाम नाही, विक्रेत्याकडून परत येणारे गठ्ठे नाहीत. मग टक्का तोच कसा?" ते म्हणाले, "अहो, प्लॅटफॉर्मवालेच सगळं खातात."

सगळं कुठे खातात? ॲपलनं 2010 मध्ये आयपॅडबरोबर जी पद्धत आणली, तिच्यात किंमत प्रकाशक ठरवतो; दुकानाला 30 टक्के, प्रकाशकाला 70. म्हणजे 100 रुपयांतले 70 तुमच्याकडे आणि त्यातले मला 10! अमेरिकेतले मोठे प्रकाशकसुद्धा हाती आलेल्या रकमेच्या 25 टक्के देतात, म्हणजे साडेसतरा. हा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला. "मराठीत असं चालत नाही," एवढंच उत्तर आलं. मी सही केली नाही. ई-हक्क आजही माझ्याकडेच आहेत.

किमतीचं म्हणाल, तर ॲमेझॉन तिकडे नवी पुस्तकं 9.99 डॉलरला, प्रसंगी तोटा सोसून, विकत होतं. छापील पुस्तकाचा भाव पडेल म्हणून प्रकाशक धास्तावले आणि ॲपलच्या पद्धतीनं तीच पुस्तकं 12.99-14.99 वर नेली. संगनमतानं किंमत वाढवली म्हणून 2012 मध्ये अमेरिकी सरकारनं ॲपल आणि पाच प्रकाशकांवर खटला भरला. 2013 मध्ये ॲपल हरलं. स्वस्त ई-बुकची भीती आपल्याकडच्या प्रकाशकांनाही तेवढीच आहे. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर आहे. 2018 मध्ये तो 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तोही छापील आवृत्ती असेल तरच.

किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक दुकानात, स्वतः पुस्तक टाकलं तर 70 टक्के मिळू शकतात. मात्र भारतातल्या विक्रीसाठी ई-बुक फक्त त्यांच्याकडेच ठेवावं लागतं, नाहीतर 35. संपादन आणि मुखपृष्ठावर प्रामाणिकपणे खर्च करणारे छोटे प्रकाशकही आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुम्ही लिहीत असाल तर ई-हक्काचं कलम वेगळं मागा, टक्केवारी प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवर घ्या आणि निम्म्याच्या खाली येऊ नका.