लंडनमध्ये वर्षभर मैफली, नाटकं आणि विनोदी रेकॉर्डिंग: खिसा न रिकामा करता

ऑक्टोबरपासून वर्षभर कामासाठी लंडनला येताय, एकटेच आहात, आणि एवढ्या काळात मैफली, नाटकं, रेडिओ-टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमांची रेकॉर्डिंग असं जमेल तेवढं पाहून घ्यायचंय. खर्च किती येईल, तिकिटं कधी काढायची आणि इथला विनोद डोक्यावरून जाईल का, हे तुम्ही विचारलंय. मी इथे बरीच वर्षं आहे आणि तिन्हींचं व्यसन आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी एक सांगते. निघायच्या आधी उत्साहाच्या भरात तिकिटांचा सपाटा लावू नका. वेस्ट एंडच्या, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागातल्या, गाजलेल्या संगीतिकेचं खालच्या मजल्यावरचं बरं तिकीट सहज शंभर पौंडांच्या घरात जातं. तेवढ्यात उन्हाळ्यात प्रॉम्स या संगीतोत्सवाच्या बारा मैफली उभ्याने ऐकून होतात. या शहरात ज्याला आयत्या वेळी ठरवता येतं आणि रांगेचा कंटाळा नाही, त्याची चंगळ आहे. एकट्या माणसाची तर जास्तच, कारण कोपऱ्यातली एखादी खुर्ची शेवटपर्यंत उरलेली असतेच.

रेकॉर्डिंगपासून सुरुवात करते, कारण त्यांची तिकिटं बहुतेक वेळा फुकट असतात आणि आपल्या मंडळींना हे माहीतच नसतं. बीबीसीच्या संकेतस्थळावर 'शोज अँड टूर्स' विभाग आहे. तिथे नाव नोंदवायचं, कार्यक्रम निवडायचा, अर्ज करायचा. मागणी जास्त असली की सोडत निघते. तिकीट आलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते असलं तरी प्रवेशाची हमी नाही, असं त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. फुकटचं तिकीट काढून न फिरकणारे बरेच असतात, म्हणून खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं वाटून ठेवतात आणि आधी येईल त्याला आत सोडतात. ऑफिसातून थेट जाणार असाल तर त्या दिवशी लवकर निघायची सोय करून ठेवा. ओळखपत्र बरोबर ठेवा, पिशवी लहान ठेवा.

रेडिओची पुष्कळ रेकॉर्डिंग ब्रॉडकास्टिंग हाऊसमधल्या रेडिओ थिएटरमध्ये होतात. इमारत १९३२ची आणि थिएटर तिच्या पोटात. शांत प्रसंगात पायाखाली बारीक घरघर जाणवली तर दचकू नका, ती भुयारी रेल्वेच्या बेकरलू लाईनची गाडी. समोर लांब टेबल, त्यावर माइक आणि कागदांचे गठ्ठे. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. आधी निर्माता येऊन सांगतो की तुमच्या डोक्यावर टांगलेले माइक तुमच्यासाठीच आहेत. मान डोलावलेली रेडिओवर ऐकू जात नाही, हसायचं तर आवाज करून हसा.

अठ्ठावीस मिनिटांच्या कार्यक्रमासाठी दीड-दोन तास रेकॉर्डिंग चालतं. त्यातला निम्मा मजकूर कधीच हवेत जात नाही. कधी तो वकिलांना झेपणारा नसतो, कधी नुसताच भरकटलेला असतो, आणि हसून हसून पुरेवाट होते ती नेमकी त्यातच. पण मला खरी गंमत वाटते ती शेवटच्या दहा मिनिटांची. कार्यक्रम संपतो, टाळ्या होतात, आपण कोट उचलायला वाकतो, तोवर निर्माता हातात कागद घेऊन पुन्हा मंचावर. कुठे जीभ अडखळलेली असते, कुठे मंत्र्याचं नाव चुकलेलं असतं, कुठे कुणी खोकलेलं असतं. तेवढीच वाक्यं परत घ्यायची. मग सूत्रसंचालक गंभीर चेहऱ्याने पाच-सहा सुटी वाक्यं ओळीने वाचतो, त्यांना ना मागचं ना पुढचं. 'आणि म्हणूनच आता बकरीही तयार नाही.' या असल्या वाक्याला, मघाशी हसलो होतो तितकंच, प्रेक्षकांनी पुन्हा हसायचं. पहिल्याहून मोठा हशा पिकतो आणि तो जोडताना तंत्रज्ञांची पंचाईत होते. घरी रेडिओवर तेच ऐकताना सांधा कुठे आहे ते शोधायचा नाद मला तिथेच लागला.

विनोद कळेल का? भाषेची अडचण येणार नाही, संदर्भांची येईल. 'द न्यूज क्विझ' हा आठवड्याच्या बातम्यांवरचा विनोदी कार्यक्रम १९७७ पासून चालू आहे. हंगाम असेल तेव्हा गुरुवारी रेकॉर्डिंग, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला रेडिओ फोरवर प्रसारण. त्या आठवड्यात कोणत्या मंत्र्याने काय घोळ घातला हे माहीत नसेल तर ढिम्म बसून राहाल. तिकीट मिळालं की सोमवारपासून रोज बातम्यांवर नजर टाका. दुसरी वाट म्हणजे आधी महिनाभर कामावर जाता-येता बीबीसी साऊंड्स या त्यांच्या ॲपवर जुने भाग ऐका, आवाज आणि माणसं ओळखीची होतात. आणि कुठे 'मॉर्निंग्टन क्रेसेंट' नावाचा खेळ सुरू झाला, कुणी भुयारी रेल्वेच्या स्टेशनांची नावं घेऊ लागलं आणि लोक लोळायला लागले, तर शेजाऱ्याला नियम विचारू नका. त्या खेळाला नियमच नाहीत, आणि आहेत असं सगळ्यांनी मिळून भासवणं हाच विनोद आहे.

टीव्हीचं थोडक्यात सांगते. तिकिटं एसआरओ ऑडियन्सेस, अप्लॉज स्टोअर, लॉस्ट इन टीव्ही अशा कंपन्यांमार्फत मिळतात, तीही फुकटच. रांग जास्त, थांबणं जास्त, आणि कॅमेऱ्यांच्या गर्दीत मंच अर्धाच दिसतो. एकदा जाऊन या. रेडिओला मात्र पुन्हा पुन्हा जावंसं वाटेल.

जूनअखेर ते जुलै हा काळ मोकळा ठेवा. ऑगस्टमध्ये एडिनबरोला फ्रिंज हा नाटक-विनोदाचा मोठा महोत्सव असतो, म्हणून त्याआधी मोठमोठे विनोदवीर लंडनमध्ये पबच्या माडीवरच्या खोल्यांतून नव्या कार्यक्रमाची रंगीत तालीम करतात. तिकीट अगदी स्वस्त. हातात कागद असतो, विनोद पडला की तिथल्या तिथे त्यावर काट मारतात. घोटलेला कार्यक्रम पुढे पडद्यावर कधीही बघता येईल, हे नाही बघता येणार.

नाटकांसाठी नॅशनल थिएटर घरासारखं माना. थेम्सकाठच्या साउथ बँकेवर एकाच इमारतीत तीन नाट्यगृहं आहेत, आणि दर शुक्रवारी दुपारी एकला पुढच्या आठवड्याची काही तिकिटं १० पौंडांना ऑनलाइन निघतात. एक वाजायला पाच कमी असताना लॉग-इन होऊन बसा. वेस्ट एंडसाठी लेस्टर स्क्वेअरची टीकेटीएस ही सवलतीच्या तिकिटांची खिडकी आहे. व्हिक्टोरियन काळातल्या नाट्यगृहांत स्वस्त जागा घेताना 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' हे शब्द मनावर घ्या. तिथे खरोखरच नाकासमोर खांब असतो आणि वरच्या बाल्कनीत गुडघे छातीशी येतात. उशिरा गेलात तर मध्यंतरापर्यंत बाहेर उभं ठेवू शकतात, 'दोन मिनिटंच झालीत हो' चालत नाही. मध्यंतरात बटाटेवडा नाही याची मनाची तयारी ठेवा. सगळे इवल्याशा डब्यातलं आइस्क्रीम खातात, भर जानेवारीतसुद्धा.

एप्रिलच्या सुमारास ग्लोब उघडतं. शेक्सपिअरच्या काळातल्या नाट्यगृहाची ही प्रतिकृती १९९७मध्ये सुरू झाली. मंचापुढच्या अंगणात सातशे जण उभे राहतात, तिकीट ५ पौंडांपासून. माथ्यावर उघडं आभाळ, पाऊस आला तरी प्रयोग थांबत नाही, आणि छत्री उघडू देत नाहीत. रेनकोट न्या. दार उघडताच सरळ मंचाच्या कडेला जाऊन कोपर टेकवायला जागा धरा. तीन तास पाय तग धरतात ते त्या कोपरामुळे. नट अगदी नाकाशी येऊन तुमच्याशीच बोलतो, कधी तुमच्या टोपीची खिल्ली उडवतो. बसून पाहणाऱ्यांनी चौपट पैसे मोजलेले असतात आणि त्यांच्या वाट्याला हे येत नाही.

आता मैफली. हिवाळ्यात विगमोर हॉल. १९०१ साली बेकस्टाइन या पियानो कंपनीने आपल्या दुकानाला लागून बांधलेलं साडेपाचशे खुर्च्यांचं छोटं सभागृह, आणि तिथला नाद असा की व्हायोलिनवादकाने घेतलेला श्वास मागच्या रांगेत ऐकू येतो. पस्तिशीच्या आत असाल तर बऱ्याच मैफली ५ पौंडांत मिळतात. मात्र रचनेचे तीन-चार भाग असतात आणि दोन भागांच्या मधल्या शांततेत टाळी वाजवायची नसते. तोंडातून 'वाह' निघालं तर माना वळतील. लोक आपला खोकला त्या फटीसाठी राखून ठेवतात, फट आली की अख्खं सभागृह खोकतं.

प्रॉम्स म्हणजे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रोज मैफल. १८९५मध्ये क्वीन्स हॉलला सुरुवात झाली. १९४१च्या बॉम्बहल्ल्यात ते सभागृह गेलं, तेव्हा उत्सव इथे आला. उभ्याने ऐकायची तिकिटं त्याच दिवशी सकाळी निघतात, गेले काही हंगाम दर ८ पौंड आहे. वाद्यवृंदाच्या अगदी पुढ्यात उभं राहायचं, मध्यंतरात तिथेच जमिनीवर फतकल मारायचं. सवाईच्या भारतीय बैठकीत पाय आखडून घेतलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. पियानोचं झाकण उचललं जाताना खालचे लोक 'हीव्ह!' ओरडतात आणि अगदी वरच्या गॅलरीतून 'हो!' येतं ('हीव्ह-हो' ही ओझं उचलतानाची इंग्रजी आरोळी). शेवटच्या रात्रीचा मात्र नाद करू नका. झेंडे आणि गोंधळ टीव्हीवरच बरा दिसतो.

आपलं गाणं ऐकावंसं वाटलं तर वेस्ट केन्सिंग्टनला भारतीय विद्या भवन आहे, आणि दरबार महोत्सव आहे. हा २००६मध्ये लेस्टर शहरात गुरमीतसिंग विरदी या तबलागुरूंच्या स्मरणार्थ सुरू झाला, आता बार्बिकनला होतो. तुम्ही पोचाल त्याच सुमारास असेल, तेव्हा उतरल्या उतरल्या चौकशी करा. तिथे समेवर मान हलवली, 'क्या बात है' म्हटलं तरी कुणी वळून बघत नाही. मराठी नाटकांचे दौरेही येतात, त्यासाठी महाराष्ट्र मंडळ लंडनवर लक्ष ठेवा. मंडळ १९३२पासून आहे, वास्तू डॉलिस हिलला.

घर अजून ठरलं नसेल तर भुयारी रेल्वेच्या ज्युबिली, पिकाडिली, नॉर्दर्न, सेंट्रल किंवा व्हिक्टोरिया लाईनजवळ बघा. शुक्रवारी आणि शनिवारी त्यांच्या बऱ्याचशा भागावर रात्रभर गाड्या असतात. माझी पसंती ज्युबिलीला. वॉटर्लूला नॅशनल थिएटर, बाँड स्ट्रीटहून विगमोर चालत, आणि डॉलिस हिल त्याच लाईनवर. लांबच्या उपनगरात भाडं कमी पडेल, पण शेवटच्या गाडीसाठी शेवटचा अंक टाकून पळावं लागेल.