ग्वाल्हेरच्या मेळ्यात स्टॉलवर दोन महिन्यांचं काम मिळालंय. इंदूरहून कार न्यावी का?

आधी सांगा, गाडी न्यायचं डोक्यात कुणाच्या आलं? स्टॉलमालकाच्या असेल तर नेऊच नका. मेळ्यात कामगाराची गाडी आठ दिवसांत दुकानाची होते: सकाळी मालाच्या पेट्या, रात्री मालकाचे पाहुणे. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीत धंद्याचा माल असताना ठोकली, तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. त्या दिवशी मालक फोन उचलत नाही.

जाण्यायेण्याचा हिशेब सोपा आहे. देवास, ब्यावरा, गुना, शिवपुरी असे साधारण ५०० किलोमीटर. दोन्ही वेळचे मिळून, १५चं ॲव्हरेज धरलं तर ६५-७० लिटर पेट्रोल. लोक एवढाच हिशेब करून थांबतात. गाडीची वाट लागते ती तिथे उभी राहून.

मेळा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, ऐन थंडीत. खोली मेळ्याजवळ मोरार किंवा ठाटीपूरला घेतलीत तर रोजची धाव दोन-तीन किलोमीटर. स्टार्टरने खाल्लेला करंट एवढ्यात भरून निघत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटरने १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ म्हणजे अर्धी संपली, आणि अर्धी बॅटरी थंडीत पहाटे नुसती टकटक करते. 'रोज दहा मिनिटं चालू करून ठेव' हा घरोघरचा सल्ला मला अजिबात पटत नाही. उभ्या इंजिनवर चार्जिंग नावाला होतं, वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आठवडाभर हलवायची नसेल तर १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रमला ब्रेकचे लायनर चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकामागे वीट लावा. खाण्याच्या स्टॉलजवळ तर मुळीच लावू नका. उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरिंग कुरतडतात.

बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची डिझेल गाडी असेल तर विषयच संपला. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली काजळी जळायला साठच्या वर सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळावी लागते. गल्लीबोळात ती जळत नाही, दिवा लागतो, दुर्लक्ष केलं की गाडीची ताकद जाते. मग दर आठवड्याला उगाच शिवपुरी रोडवर चक्कर मारत बसा.

आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंज-जनकगंजकडे खोली घेणार असाल तर आधी पार्किंग बघा, मग भाडं ठरवा.

मी तर स्कूटर न्या म्हणेन. रेल्वेने पाठवता येते: टाकी पूर्ण रिकामी करायची, आरसी आणि ओळखपत्राची प्रत द्यायची, पॅकिंग करून घ्यायचं. हँडलला आणि आरशांना गोणपाट जास्त गुंडाळायला सांगा, मार तिथेच बसतो.

हं, सोबत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, रात्री उशिरा परतायचं असेल, तर पेट्रोल गाडी न्या, माझी हरकत नाही. फक्त धुक्यात शिवपुरीच्या पुढे पहाटे निघू नका, ऊन वर आल्यावर निघा. अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत दिसते, डिपरवरच चालवा. काच आतून धुरकटली की एसी चालू ठेवूनच गरम हवा काचेवर सोडा. गाडी एमएच पासिंगची असली तरी दोन महिन्यांसाठी आरटीओची एनओसी (ना-हरकत) लागत नाही. दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांच्या वर ठेवली तरच नवा नंबर घ्यावा लागतो. पेट्रोलचे पैसे कोण देणार, हे मात्र मालकाकडून निघण्याआधी लिहून घ्या.