प्रिसाइज: अचूक, नेमका की काटेकोर?

प्रश्न असा आहे: ‘प्रिसाइज’ आणि ‘अ‍ॅक्युरेट’ या दोन्ही शब्दांना मराठीत सर्रास ‘अचूक’ म्हटलं जातं. मग ‘द फिगर इज प्रिसाइज बट नॉट अ‍ॅक्युरेट’ हे वाक्य मराठीत कसं लिहायचं? ‘आकडा अचूक आहे, पण अचूक नाही’ असं तर लिहिता येत नाही.

असा घोळ झाला की मी आधी विरुद्धार्थी शब्द शोधतो. ‘अ‍ॅक्युरेट’च्या उलट काय? चुकीचं. ‘प्रिसाइज’च्या उलट? मोघम, ढोबळ. इथेच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, कारण मोघम उत्तर बरोबर असू शकतं आणि मोघमपणाचा लवलेश नसलेलं उत्तर साफ चुकू शकतं. ‘अचूक’च्या पोटातच ‘चूक’ आहे, तेव्हा तो शब्द ‘अ‍ॅक्युरेट’ला देऊन टाकावा. ‘मोघम’च्या समोर मराठीत जो शब्द उभा राहतो तो ‘नेमका’, आणि ‘प्रिसाइज’ला पहिली पसंती त्याचीच. म्हणून वरचं वाक्य: ‘आकडा नेमका आहे, पण अचूक नाही.’

याचं माझं आवडतं उदाहरण आर्चबिशप जेम्स अशर यांचं. १६५० साली त्यांनी बायबलमधल्या वंशावळ्या आणि इतर इतिहास जुळवून जगाच्या निर्मितीची वेळ काढली: इसवी सनापूर्वी ४००४, २३ ऑक्टोबरच्या आदल्या दिवशी रात्र पडताना. याहून नेमकं काय सांगणार! आजचं विज्ञान पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं सांगतं आणि त्यात एखादा टक्का इकडेतिकडे धरतं. एक टक्का म्हणजे साडेचार कोटी वर्षं. नेमकेपणात अशर कितीतरी पुढे. अचूकतेत त्यांचा निभाव लागत नाही.

व्युत्पत्तीही याला धरूनच आहे. ‘प्रिसाइज’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ छाटणं, कापून आखूड करणं. ‘कन्साइज’, ‘डिसाइड’, आणि पटाशीच्या दाताला म्हणतात तो ‘इन्सायझर’, सगळे याच कापाकापीच्या घराण्यातले. आजूबाजूचा पसारा छाटून उरतं ते प्रिसाइज. ‘अ‍ॅक्युरेट’चं मूळ मात्र ‘कुरा’ म्हणजे काळजी, निगा. मुळात तो ‘काळजीपूर्वक केलेलं’ एवढंच सांगत होता. खऱ्याखोट्याशी त्याची गाठ पुढे पक्की झाली.

आता ‘नेमका’ कुठे चालत नाही ते. यंत्र, कारागिरी, वेळ, नियम यांच्याबाबतीत ‘काटेकोर’ जास्त शोभतो, कारण तिथे प्रिसाइजच्या उलट मोघम नसतं, ढिसाळ असतं. हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अतिशय काटेकोरपणे घासला होता, पण चुकीच्या आकारात. ज्या उपकरणाने आकार तपासायचा, त्याचंच एक भिंग सुमारे १.३ मिलिमीटर सरकून बसलं होतं. परिणामी आरसा कडेला दोनेक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त सपाट झाला आणि १९९० साली दुर्बीण अवकाशात गेल्यावर चित्रं धूसर आली. १९९३च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन ती दुरुस्त केली. काटेकोरपणा होता म्हणूनच दुरुस्तीही जमली: चूक सगळीकडे एकसारखी होती, त्यामुळे तिच्या उलट मापाची प्रकाशीय उपकरणं करता आली. ढिसाळ कामाची चूक अशी हिशोबात धरता येत नाही.

मोजमापशास्त्रात तर या शब्दाला आणखी वेगळं काम आहे. तीच वस्तू पुन्हापुन्हा मोजली तर येणारे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते प्रिसिजन. खऱ्या किमतीशी त्यांचा मेळ आहे का, हा प्रश्नच तिथे नसतो. इथे ‘नेमकेपणा’ अपुरा पडतो आणि ‘काटेकोरपणा’ ओढूनताणून बसवावा लागतो. मी तरी पहिल्यांदा ‘मोजमापांचा आपसातला मेळ’ असं उलगडून लिहीन आणि पुढे सरळ ‘प्रिसिजन’ ठेवीन. संगणकातलं ‘डबल प्रिसिजन’ही असंच राहू द्यावं. त्याचा अर्थ इतकाच की संख्या ६४ बिटांत साठवली आहे आणि तिचे पहिले पंधरा-सोळा अंक भरवशाचे राहतात. आत घातलेली माहिती चुकीची असेल तर चुकीचं उत्तर सोळा अंकांत मिळेल.

‘तंतोतंत’ही सुचवला जातो, पण त्याला नेहमी दुसरी बाजू लागते. वर्णन मूळ वस्तूशी तंतोतंत जुळतं. एकट्या आकड्याला तंतोतंत म्हणता येत नाही.

‘नेमका’ वापरताना एक सांभाळावं. मराठीत त्याला दुर्दैवाची छटा आहे. ‘नेमका तेव्हाच फोन बंद पडला’ यात क्षणाची निवड कमी, चडफड जास्त. ‘अ‍ॅट द प्रिसाइज मोमेंट’मध्ये अशी कुरकुर नसते, म्हणून शास्त्रीय मजकुरात तिथे ‘त्याच क्षणी’ बरं. उलट इंग्रजीत माणसाला ‘प्रिसाइज’ म्हटलं की थोडा टोमणा असू शकतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या लोकांना ‘प्रिसिजन’शी उच्चारात जवळचा असा ‘प्रिसिशन’ हा शब्द हिणवून लावत. अशा माणसाला मराठीत ‘काटेकोर’ म्हणावं, आणि राग असेल तर ‘सोवळा’.

राहिलं ‘प्रिसाइजली!’ हे एकशब्दी उत्तर. त्याचं भाषांतर ‘नेमकेपणाने!’ असं छापलेलं दिसतं तेव्हा हसू येतं. समोरच्याचं पटलं की आपण ‘अगदी!’ म्हणतो, किंवा ‘तेच तर म्हणतोय मी!’