एवढ्या उकाड्यातही ती हुडी का काढत नाही?

‘मॅडम, इन्स्टा बघून बघून मुलीच्या डोक्यात काय भरलंय कुणास ठाऊक, कपड्यांच्या बाबतीत आमचं काही म्हणजे काही ऐकत नाही.’ लग्नसराई आणि शाळा-कॉलेज सुरू व्हायचे दिवस जवळ आले की समुपदेशनासाठी आलेल्या पालकांकडून हे वाक्य मला हटकून ऐकू येतं. बहुतेक वेळा तक्रार तोकड्या कपड्यांची असते. सईच्या आईची नेमकी उलटी होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, मायलेकींना विचारूनच लिहिते आहे.)

सई पंधरा वर्षांची, दहावीत जाणारी. पुण्यातला मे महिना, पारा चाळिशीला टेकलेला आणि ही मांड्यांपर्यंत येणारी काळी हुडी घालून बसलेली. बाह्या तळहातावर ओढलेल्या, शिवण उसवून अंगठ्यापुरतं भोक पाडलेलं. आत्याच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. आईनं लक्ष्मी रोडवरून साडेसहा हजारांचा घागरा हौसेनं आणला होता आणि सई तो अंगाला लावून बघायलाही तयार नव्हती. ‘मुलगी आहे की मुलगा तेच लोकांना कळत नाही,’ आई म्हणाली. ‘सगळं त्या कोरियन पोरांचं बघून!’

उन्हाळ्यात पूर्ण बाह्या दिसल्या की आमच्या मनात फॅशन आधी येत नाही. हातावर जखमा लपवल्यात का, जेवण तोडलंय का, कुणी अंगचटीला गेलंय का, हे आधी विचारावं लागतं, आणि तेही आईला बाहेर बसवून. सईनं स्वतःच बाह्या वर केल्या. हातांवर काही नव्हतं. कुणी त्रास दिल्याचंही नव्हतं. डब्याबद्दल विचारलं तेव्हा मात्र ती खिडकीकडे बघायला लागली. शाळेत डबा मैत्रिणींना देऊन टाकत होती.

‘तुला चालेल तेवढंच फोनमधलं दाखव,’ म्हटलं. इन्स्टावर तिनं ‘नंतर’ नावाचं एक फोल्डर केलं होतं. त्यात बिनबाह्यांचे ड्रेस, क्रॉप टॉप आणि आईनं आणला होता जवळपास तसाच घागरा!

‘नंतर म्हणजे कधी गं?’

‘बारीक झाल्यावर.’

म्हणजे आईची आवड तिला नापसंत नव्हतीच.

बाकी फीडमध्ये ‘दंड जाड असतील तर काय घालाल’, ‘पोट कसं झाकाल’ अशा रील्सची रांग होती. असलं एक रील शेवटपर्यंत बघितलं की पुढची दहा आपोआप येतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण पहिलं रील तिच्यासमोर आपोआप आलं नव्हतं. गेल्या गणपतीत आईनं आरतीचे फोटो फेसबुकवर आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, सईला न विचारता. ग्रुपवर आत्यानं लिहिलं, ‘अगंबाई, केवढी सुटली ही!’ खाली हसणारे चेहरे. त्यात एक आईचाही. त्या रात्री सईनं दंड कसे लपवायचे ते शोधलं. शोधलं तिनं, पुरवलं अल्गोरिदमनं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली. आपल्याकडे सगळे बघताहेत, आपल्यातलं उणं सगळ्यांना दिसतंय, असं या वयात सतत वाटतं. तेव्हा ते प्रेक्षक बरेचसे मनातलेच होते. आता ते फोनमध्ये असतात, त्यांच्या लाइक मोजता येतात आणि त्यात आत्या, मामीही असतात. फेसबुकचं स्वतःचं अंतर्गत संशोधन २०२१ मध्ये बाहेर आलं. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, असं त्यात ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी म्हटलं होतं. यातला ‘आधीच’ हा भाग पालक वगळून वाचतात. आणि वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढते, ती वाढायलाच हवी, हे त्या मुलीला घरात कुणी सांगितलेलं नसतं.

आईशी वेगळं बोलले तेव्हा ती आधी चिडलीच. ‘आम्हालाही चिडवायचे की! आम्ही कुठं हुड्या घातल्या?’

‘कॉलेजात ओढणी कशी घ्यायचात?’

ती थांबली, मग हसली. ‘दोन्ही खांद्यांना पिना लावून. पदवी मिळेपर्यंत.’

यानंतर बोलणं सोपं झालं. जाड-बारीक, काळी-गोरी हे शब्द घरात बंद, कौतुकाच्या सुरातही. ‘आता कशी छान बारीक दिसतेस’ हेही नको, कारण त्याचा अर्थ आधी वाईट दिसत होतीस असाच पोचतो. फोटो टाकण्याआधी तिला विचारायचं आणि ‘नको’ म्हणाली तर हिरमुसायचं नाही. सई डबा टाळत होती, त्यासाठी तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हे मी ऐच्छिक ठेवत नाही. वाढत्या वयात जेवण तोडणं, वजन झपाट्यानं उतरणं किंवा पाळी लांबणं हे नुसत्या गप्पांनी सुटण्यातलं नाही. फोन काढून घ्यायचा आईचा बेत मात्र मी मोडून काढला. त्याऐवजी सईनं माझ्यासमोर बसून त्या रील्सवर एकेक करून ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबलं. फीड थोडं बदललं, पूर्ण नाही.

घागरा दुकानदारानं बदलून दिला. सईनं खणाचा सैल कुर्ता आणि खाली सुती पँट शिवून घेतली, दोन्हीकडे खिसे असलेली. ‘लग्नात खिसे कशाला?’ यावर आईनं घरी अर्धा तास घालवला, असं कळलं. घालवू दे. हा वाद खिशांचा होता, दंडांचा नव्हता.

लग्नात आत्या ‘हे काय घातलंस?’ म्हणालीच. ‘ताई, तिच्या कपड्यांवर नको बोलूया,’ आई म्हणाली आणि आत्याला जेवायला घेऊन गेली. आत्या सुधारली वगैरे काही नाही.

आता नवं प्रकरण आहे. सईला चार हजारांचे बूट हवेत आणि बाबांशी वाजलंय. बाबा अजून एकदाही आलेले नाहीत. या वेळी त्यांनाच बोलावलंय. ‘आपल्याला परवडत नाही’ हे त्यांनी खुशाल सांगावं, ते मुलांना समजतं. ‘तुझ्या पायांना काय शोभणारेत ते’ एवढं मात्र म्हणू नये.